काय तपासायचे, हे कोण ठरवणार?



गेल्या जूनमध्ये आमच्या सल्ला केंद्रावर एक मुलगी आईला घेऊन आली. मारहाण, पोटगी यांपैकी काही नव्हते. तिने टेबलावर ठेवले ते प्रवेशाचे पत्र. मुलगी बीएस्सी मायक्रोबायॉलॉजी झालेली, वस्तीतली पहिली पदवीधर. बायोमेडिकल सायन्सेसच्या एमएस्सीला तिला जागा मिळाली होती. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यातले दुसरे वर्ष जवळजवळ सगळे प्रयोगशाळेत, स्वतःच्या संशोधनावर प्रबंध लिहिण्यासाठी. शहर दूरचे. वडिलांचे म्हणणे, एका वर्षाचा डीएमएलटी कर, पॅथॉलॉजी लॅबमध्ये लाग, मग लग्नाचे बघू. "ताई, तुम्हीच समजवा," आई म्हणाली.

आणि मी समजावले. वडिलांना नाही, मुलीला! घरची परिस्थिती बघ, आधी कमावती हो, संशोधन पुढेही करता येईल, वगैरे. मी स्वतः एमएसडब्ल्यू. प्रबंध मलाही होता, तो मी कसाबसा उरकला होता. संशोधन म्हणजे पोट भरलेल्यांची हौस, असे कुठेतरी माझ्या मनात बसले असावे.

मुलीने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "डीएमएलटी करून मी दुसऱ्याने सांगितलेली तपासणी करीन. पण काय तपासायचं, हे कोण ठरवणार?"

हा प्रश्न आपल्या चळवळीचाच आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. त्याआधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के बायकांची. आजार नवे नव्हते. पांढरे जाणे, कंबर दुखणे बायका पिढ्यान् पिढ्या सोसतच होत्या. 'बायकांचे आरोग्य' म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच धरले जात होते, त्यामुळे बाकीचे कुणी मोजलेच नव्हते. एका बाईने मोजायचे ठरवले, तेव्हा ते दिसले.

बाहेरच्या देशांतही वेगळे चित्र नाही. सरकारी निधीतून होणाऱ्या वैद्यकीय चाचण्यांत बायकांना घेतलेच पाहिजे, यासाठी अमेरिकेत १९९३ साली कायदा करावा लागला. झोल्पिडेम हे झोपेचे औषध तिथे वीस वर्षे विकले गेले. बायकांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते, म्हणून त्यांचा डोस निम्मा करायला २०१३ साल उजाडले.

आपणही प्रयोगशाळेच्या दारात गेलो आहोत, पण निषेधाचे फलक घेऊन. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध स्त्रीसंघटनांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ते योग्यच होते, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करू. पण प्रयोग ठरतो त्या टेबलाशी आपली माणसे नसतील, तर आपल्याला नेहमी नंतरच कळणार.

तिथवर पोचण्याची पहिली पायरी म्हणजे ही संशोधनाची एमएस्सी. कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, १९३३ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तेव्हा बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना नाकारले. त्या हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष परीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे, आणि पुरुष संशोधकांचे वातावरण बिघडवायचे नाही! तिथल्या दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवरच्या कामावर त्यांनी एमएस्सी मिळवली आणि १९३९ साली केंब्रिजची पीएचडी.

आज अशा अटी कुणी कागदावर लिहीत नाही. पण काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींना रविवार कळत नाही, आणि वसतिगृहाचे फाटक मात्र ठरल्या वेळी बंद होते. पीएचडीला निदान फेलोशिप असते, एमएस्सीच्या बहुतेक मुलींना तीही नाही. प्रबंधावरची सही आणि पुढचे शिफारसपत्र एकाच माणसाच्या हाती असते. तो त्रास देऊ लागला, तर मुलगी तोंड उघडायला धजत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार अंतर्गत समिती विद्यार्थिनींसाठीही आहे. आयोगाने २०२१ साली पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींच्या बाळंतपणाच्या रजेचे नियम करायलाही विद्यापीठांना सांगितले. आपल्या भागातल्या किती मुलींना हे ठाऊक आहे?

त्या मुलीचे काय झाले? वडिलांबरोबर तीन बैठका झाल्या, या वेळी मी तिच्या बाजूने बसले. शैक्षणिक कर्जाचे कागद आम्ही केले. ती गेली. वडील अजून तिच्याशी फोनवर बोलत नाहीत, आणि कर्ज फिटेपर्यंत आईच्या जिवाला घोर आहे. हे सोपे आहे असे मी म्हणणार नाही. डीएमएलटी करणारी मुलगी कमी, असेही नाही. कित्येक घरे त्याच पगारावर उभी आहेत. पण निवड तिची असली पाहिजे, आणि ती करताना आपण तिच्या शेजारी असलो पाहिजे.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात, वस्तीत विज्ञान शिकणारी मुलगी असेल, तर तिला नोकरीचे विचारता तसे हेही विचारा: तुला काय शोधायचे आहे? तिचे उत्तर आम्हाला कळवा. फीपासून वसतिगृहाच्या वेळेपर्यंत काय आडवे येते, तेही लिहा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.