शिसं चुलीवर वितळवू नका



कुकडीच्या कडेला एक उद्योग बघतोय. भंगारवाल्याकडून ट्रॅक्टरची, नाहीतर इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आणायची, कुऱ्हाडीनं फोडायची, आतलं शिसं कढईत वितळवायचं आन् पागाच्या जाळ्याला लावायच्या गोळ्या ओतायच्या. दुकानातल्या गोळ्या महाग पडतात म्हणे!

हिशोब पुरा मांडा की. शिसं ३२७ अंशाला वितळतं, पण बॅटरीच्या प्लेटा म्हणजे निव्वळ शिसं नव्हे. त्यांच्यावरची पूड धूर आणि धुळीतून अंगणात बसते. लेकरं तिथंच रांगतात, मातीचा हात तोंडात घालतात. लेकराच्या रक्तात शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. फेकलेल्या प्लेटा जनावरं चाटतात, मग आंधळी होतात, झटके येऊन मरतात. गाईची किंमत धरली का हिशोबात?

कोणी म्हणेल, आज्यानंही शिसं ओतलं, त्याला काय झालं? अहो, आज्याच्या घरी बॅटरी नव्हती, आणि त्याचं रक्त कोणी तपासलं नव्हतं.

२०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकलिंगला पाठवायची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकलीय. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या, तिचे पैसे बिलातून वजा करून घ्या. गोळ्या तयार आणा.

चार पैशांसाठी लेकराचं डोकं गहाण ठेवू नका. पटलं तर पुढं पाठवा.