चार्जरची वायर गाडीला जोडताना

कर्जत-खालापुरात पाऊस लागला की कित्येक घरांच्या पडवीत मोटारसायकल ताडपत्रीखाली उभी राहते. कुणाचा मुलगा आखातात असतो, कुणी पहाटेच्या लोकलने मुंबई गाठतो आणि गाडी आठवड्यातून एकदा बाहेर काढतो. मग एखाद्या रात्री घरात म्हाताऱ्या अब्बांना दम लागतो, कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचायचे असते, आणि स्टार्टर नुसता टकटक करतो.

पूर्वी किक मारून निभावत असे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतल्या बहुतेकांचा पेट्रोलचा पंप बॅटरीवर चालतो आणि काहींना तर किकच नाही. नव्या गाड्यांचा हेडलाइट २०१७ पासून दिवसाही पेटताच राहतो. बाजारापर्यंत दोन-तीन किलोमीटर जाऊन आल्याने बॅटरीत गेलेली वीज भरून येत नाही. म्हणून घरी चार्जर ठेवणाऱ्यांची संख्या वाढली आहे. ठेवावा, पण समजून.

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, पण लहान असते. तिच्यावर ५ एएच लिहिले असेल तर चार्जर अर्ध्या अँपिअरच्या आसपासचा हवा, म्हणजे आकड्याचा दहावा हिस्सा. अशा वेगाने रिकामी बॅटरी भरायला रात्र जाते. घाईपोटी कारचा मोठा चार्जर लावला तर ती तापते, फुगते. लिथियमची बॅटरी असेल तर तिचा वेगळाच चार्जर लागतो.

आता जोडणी. चावी बंद. लाल चिमटा पॉझिटिव्हला, काळा चिमटा बॅटरीपासून दूर, चेसिसच्या रंग नसलेल्या धातूला किंवा बोल्टला. त्यानंतरच भिंतीवरचे बटण दाबायचे. काढताना उलट: आधी बटण बंद, मग काळा, शेवटी लाल. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि चिमटा लावता-काढताना ठिणगी पडू शकते. ती बॅटरीजवळ पडू नये, यासाठी हा क्रम आहे. त्या वेळी जवळ बिडी नको, अगरबत्ती नको, लोबानही नको. बंद खोलीत चार्ज करू नये.

दरवेळी सीट उघडावी लागू नये म्हणून काहीजण छल्ल्यांची कायमची वायर बसवून घेतात. सोय चांगली आहे. ती बसवताना प्रथम गाडीची काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवावी. गाडीचा सगळा सांगाडा निगेटिव्हलाच जोडलेला असतो. लाल बोल्ट फिरवताना पाना सांगाड्याला टेकला तर जाळ उडतो, पाना लाल होतो आणि हातातली अंगठी असेल तर बोट भाजते. काळी आधी सुटली की हा धोका राहत नाही. शाळेत विद्युत परिपथ शिकवताना आम्ही मुलांना हेच उदाहरण देतो. पुस्तकातल्या बल्बपेक्षा ते लवकर उमगते. लाल वायरीत बॅटरीजवळच फ्यूज हवा. वायर सायलेन्सरला, सीटच्या बिजागरीला घासू नये आणि टोकाला रबरी टोपी असावी.

आपल्या भागातल्या पावसाचा विचार वेगळा करावा लागतो. खोपोलीत १९१५ पासून वीज बनते, पण पावसात आपल्याकडचा दिवा जातोच! जाते त्यापेक्षा ती परत येते तेव्हा जपावे: ओल्या शहाबादीवर एक्स्टेंशन बोर्ड पडलेला असतो आणि अनवाणी मूल तिथे धावत येते. बोर्ड उंचावर टांगा, कोरड्या हातानेच बटणाला हात लावा.

फुगलेली, तडा गेलेली किंवा सडक्या अंड्यासारखा वास येणारी बॅटरी चार्ज करू नका. जुन्या पद्धतीच्या झाकणवाल्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचे नको. तेजाब डोळ्यांत उडाले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि लगेच दवाखाना गाठावा. निकामी बॅटरी अंगणात ठेवू नये, तिच्यात शिसे असते. नवी घेताना ती दुकानदाराला परत द्या; बिलातून तिचे पैसे वजा करून मागा.