पिस्तुलाच्या परवान्याआधी गावाला विचारा



गुंड नीलेश घायवळच्या भावाला शस्त्रपरवाना द्यावा, असा आदेश गृह राज्यमंत्री योगेश कदम यांनी अपिलात दिला, त्यावरून २०२५ मध्ये रोज उणीदुणी निघत होती. पुणे पोलीस आयुक्तांनी अर्ज आधी फेटाळला होता आणि मंत्र्यांच्या आदेशानंतरही परवाना हातात पडू दिला नाही, हे चांगलेच झाले. पण दोन्ही बाजूंचे बोलणे ऐका. मंत्री म्हणतात, न्यायालयाने निर्दोष सोडले आहे, दहा वर्षांत गुन्हा नाही. विरोधक म्हणतात, राजीनामा द्या. अर्जदाराला पिस्तूल हवे कशाला आणि ते ज्यांच्यात घेऊन फिरणार त्या माणसांचे काय, हे विचारायला कुणाला सवड नाही. आम्हा मुळशीकरांना मात्र तेवढेच विचारायचे आहे.

धडवलीचे प्रकरण लोक इतक्यात विसरले का? आमच्या पिरंगुटच्या पुढे, याच तालुक्यातले गाव. मनोरमा खेडकर यांनी शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवल्याची चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. प्रसंग जून २०२३ चा. चित्रफीत बाहेर आली जुलै २०२४ मध्ये, तीही मुलीच्या आयएएस निवडीचा गाजावाजा झाला म्हणून. मग पौड पोलिसांनी गुन्हा नोंदवला, रायगड जिल्ह्यातून अटक झाली, परवाना रद्द का करू नये अशी नोटीस निघाली. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. माझा प्रश्न मधल्या वर्षाचा आहे. एक वर्ष उलटून गेले, पिस्तूल घरात आणि परवाना शाबूत. कुणाच्या मोबाइलमध्ये ती दृश्ये नसती तर आजही शाबूत असता. सार्वजनिक शांततेला बाधा येत असेल तर परवाना काढून घेण्याचा अधिकार शस्त्र कायद्याच्या कलम १७ ने दिलेला आहे. एक वर्ष तो कुणी वापरला नाही.

शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. शहरातल्या पत्त्यावर घेतलेले शस्त्र शनिवारी-रविवारी आमच्या बांधावर येते. आम्हाला कुणी विचारले?

अर्जात कारण ठरलेले असते, जिवाला धोका. मुळशीत हा धोका कुठून येतो ते सांगायला पोलिसांच्या अहवालाची गरज नाही. पौड रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुंठ्याचे भाव चढले तसे ताबा मारणे हा धंदा झाला. सातबारा एकाच्या नावावर, कुंपण दुसऱ्याचे आणि फाटकावर बाउन्सर तिसऱ्याचे. ज्या भांडणातून धोका निर्माण होतो, त्याच भांडणातल्या एका बाजूच्या कमरेला सरकार पिस्तूल लावून देते. ती बाजू नेहमी पैसेवाल्याचीच असते. समोरचा शेतकरी धोक्यात नसतो काय?

यावर ठरलेले उत्तर मिळते की, गुन्हे गावठी कट्ट्यांनी होतात, परवानाधारक कायदा पाळतात. गुंड शरद मोहोळ आमच्याच तालुक्यातला. ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांनी परवाने काढले नव्हते, हे मान्य. मध्य प्रदेशातल्या उमरटीहून येणारी बेकायदा पिस्तुले पोलिसांनी जरूर रोखावीत. पण त्यानंतर महिन्याभरात, २ फेब्रुवारीला, उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी गोळ्या झाडल्या, ते पिस्तूल परवान्याचे होते आणि वाद जमिनीचा होता. सहाच दिवसांनी माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा फेसबुक लाइव्ह चालू असताना खून झाला. मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे, परवाना उत्तर प्रदेशातला. सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले आणि प्रशासन ते रद्द करायला धावले. म्हणजे छाननी करता येते. ती सरपंचाचा जीव गेल्यावरच का करायची?

काही सुशिक्षित मंडळी अमेरिकेचा दाखला देऊन स्वसंरक्षणाच्या हक्काची भाषा करतात. त्यांच्या राज्यघटनेत शस्त्राचा हक्क आहे, आपल्या नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले याचा राग आपल्या पूर्वजांना होता आणि तो रास्त होता. पण तो परकी सत्तेवरचा राग होता. शेजारच्या शेतकऱ्याला दटावण्यासाठी कुणी त्याचा आधार घेऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगण्याची मुभा ठेवली. मी म्हणतो, ज्याचा जमिनीचा वाद चालू आहे त्याला एकही नको.

रानडुकरे भाताची खाचरे उलथीपालथी करतात, त्यासाठी पीक संरक्षणाची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याला किती खेटे घालावे लागतात ते त्यालाच विचारा. त्याचे कारण रोज सकाळी शेतात दिसते. त्याची बंदूक आणि बिल्डरच्या कमरेचे पिस्तूल एकाच मापाने मोजू नका.

माझी मागणी साधी आहे. वारसाचा फेरफार असला तरी नोटीस लागते, पंधरा दिवस हरकती मागवल्या जातात. दारूचे दुकान बंद करायचे तर बायकांचे मतदान घेऊन बाटली आडवी करता येते. मग पिस्तुलाचा अर्ज तेवढा गुपचूप का? अर्जदार राहतो तिथे आणि त्याची जमीन आहे त्या ग्रामपंचायतीतही नोटीस लावा, हरकती घ्या, त्या लेखी निकाली काढा. मंत्र्यांपुढे अपील चालेल तेव्हाही त्या फाइलमध्ये असू द्या.

आणि पिस्तुलाचे हे वेड पोसणारे ते वाढदिवसाचे फ्लेक्स! रस्त्याच्या वळणावर समोरची गाडी दिसत नाही, पण कुठल्या तरी ‘भाई’चा गॉगल दिसतो. खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात मिसरूडही न फुटलेली पोरे. हीच पोरे मोबाइलवर पिस्तूल हातात घेऊन रील टाकतात. बोर्डावर परवानगीचा क्रमांक नसेल तर ग्रामपंचायतीने त्याच दिवशी तो उतरवावा. तेवढे धाडस कुणी दाखवत नाही.

 निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस परवानाधारकांकडून शस्त्रे जमा करून घेतात आणि निकालानंतर परत देतात. पुढच्या वेळी परत देण्याआधी मुळशीतल्या प्रत्येक परवान्याची फाइल उघडा, त्यातला ‘धोका’ अजून आहे का ते तपासा आणि किती शस्त्रे परत केली, किती रोखून धरली तो आकडा पौडच्या तहसील कचेरीबाहेर लावा.

एक शेतकरी वाचक,
पिरंगुट, ता. मुळशी, जि. पुणे