उजवीकडून उघडायची पुस्तकं

दिवाळी अंक घरात आला की थोरली माणसं आधी अनुक्रमणिका पाहतात आणि धाकटी आधी व्यंगचित्रं. डोळा चित्राकडे आधी जातो, अक्षराकडे मागाहून. यात लाजण्यासारखं काही नाही. वर्षभर या पानावर मी कथा-कादंबऱ्यांविषयी बोलते. आज फराळाच्या ताटात एक निराळा पदार्थ वाढते आहे: जपानी चित्रमालिका. तिकडे त्यांना ‘मांगा’ म्हणतात.

आमच्या गोराईच्या वसाहतीत हा शब्द आता नवा राहिलेला नाही. शाळकरी मूल असलेल्या घरात उशाखाली एखादा तरी भाग सापडतोच, आणि त्या घरच्या आईची माझ्याकडे तक्रारही असतेच. “बाई, तुम्ही कॉलेजात मराठी शिकवता. आमच्या चिरंजीवांना सांगा ना, ही चित्रं सोडून काहीतरी वाच म्हणावं!” मी चिरंजीवांना काही सांगत नाही. पुढचा भाग त्यांच्याकडून वाचायला मागून आणते!

का आणते, ते सांगते. हे मांगा बहुधा आधी जाडजूड साप्ताहिकांतून आणि मासिकांतून ‘क्रमशः’ येतात आणि मग त्यांची पुस्तकं होतात. आपल्या हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातूनच आठवड्या-आठवड्याला वाचकांच्या हाती दिली. पुढच्या अंकाची वाट पाहायची गोडी आपल्या पणजीलाही ठाऊक होती. ती नातवंडांना लागली तर आपण कपाळाला हात का लावावा?

आणि चित्रावरून गोष्ट सांगणं तरी आपल्याला कुठे परकं आहे? कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुट्या चित्रांची जुडी पुढ्यात ठेवून, एकेक चित्र दाखवत रामायण-महाभारतातली आख्यानं गात आले. त्या जुडीला ते ‘पोथी’च म्हणतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. जपानातही १९३० नंतरच्या काळात सायकलवर लाकडी चौकट बांधून, चित्रं सरकवत पोरांना गोष्टी सांगणारे गल्लोगल्ली फिरत. त्या खेळाला ‘कामिशिबाई’ म्हणत. शिगेरू मिझुकी यांच्यासारखे त्यातले काही चित्रकार पुढे मांगाकडे वळले. त्यांच्या गल्लीतली चित्रं अशी साप्ताहिकात शिरली. आपली पोथी मात्र पिंगुळीतच राहिली.

वाचायची रीत तेवढी ध्यानात ठेवा. बहुधा आपण ज्याला मलपृष्ठ म्हणू तिथून पुस्तक उघडायचं आणि चौकटी उजवीकडून डावीकडे पाहत जायचं. दहा पानांत सवय होते. आता माझ्या आवडीच्या पाच मालिका सांगते.

पहिला मान ओसामू तेझुका यांच्या ‘बुद्धा’चा. आमच्याकडून खाडीपलीकडे पाहिलं की २००९ मध्ये उद्घाटन झालेला विपश्यना पगोडा दिसतो. एकही खांब न घेता उभा राहिलेला दगडी घुमट, आत आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतील एवढा. पाहुणे आले की आम्ही त्यांना होडीने पलीकडे नेतो. तो पाहून आल्यावर मुलं “बुद्ध म्हणजे कोण?” असं विचारतात, तेव्हा मी या मालिकेचा पहिला भाग काढते. तेझुका वैद्यकीची पदवी घेतलेले. पण हयात गेली चित्रांत. १९७२ पासून १९८३ पर्यंत त्यांनी ही कथा रंगवली. इंग्रजीत ती आठ भागांत आहे. आरंभीच एका उपाशी संन्याशासाठी ससा आगीत उडी घेतो, ती जातकातली गोष्ट एकाही शब्दावाचून डोळ्यांत पाणी आणते. सिद्धार्थ जन्मतो तो पहिला भाग संपता संपता. तोवर गोष्ट असते चाप्रा या दासीपुत्राची. तो तेझुकांच्या कल्पनेतला. आपलं कूळ लपवून तो सेनापतीचा मानसपुत्र होतो. पुढचं सांगत नाही. १९५६ पाहिलेल्या महाराष्ट्राला ही गोष्ट दूरदेशीची वाटणार नाही, एवढंच म्हणते.

दुसरी, ‘अनवाणी गेन’. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना, ६ ऑगस्ट १९४५ रोजी, हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. शाळेच्या भिंतीआड होते म्हणून ते वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले आणि त्याच दिवशी आई बाळंत झाली. हे सारं त्यांनी १९७३ पासून गेन नावाच्या मुलाच्या रूपाने काढलं. चित्रं भयंकर आहेत. आठवीच्या आतल्या मुलाला देऊ नका. पण गेनचे वडील पोरांना गव्हाचं रोप दाखवतात, कितीही तुडवलं तरी पुन्हा ताठ होणारं, ते पान एकदा तरी पाहावंच.

तिसरी, कियोहिको आझुमा यांची ‘योत्सुबा’. २००३ साली सुरू झालेली. पाच वर्षांची एक चिमुरडी, तिला सांभाळणारा बाबा आणि शेजारच्या घरच्या तीन मुली. यात खलनायक नाही, संकट नाही. पाऊस पडला, पाहुणा आला, एवढंच घडतं. आणि तेवढ्यात हसून हसून पुरेवाट होते. बाबाचा धंदा घरी बसून भाषांतरं करण्याचा. मराठीच्या बाईंना तो आवडावा यात नवल ते काय! सहा वर्षांच्या नातीपासून आजीपर्यंत कोणीही वाचावी.

चौथी, योशितोकी ओइमा यांची ‘मूक आवाज’. सात भागांची, २०१३-१४ मधली. वर्गात एक बहिरी मुलगी येते आणि मुलं तिला छळतात. छळणाऱ्यांत पुढे असलेल्या मुलावर नंतर तीच पाळी येते आणि काही वर्षांनी तो खुणांची भाषा शिकून तिला भेटायला जातो. शिक्षक खोलीत चहा पिणाऱ्या आम्हा सर्वांनी वाचावी अशी ही गोष्ट. आत्महत्येचा विषय तीत येतो. म्हणून आधी आईबापांनी वाचावी, मग मुलांनी.

पाचवी मुलांची नव्हेच. जिरो तानिगुची यांचा ‘चालणारा माणूस’. एक गृहस्थ उपनगरातल्या गल्ल्यांतून फिरतो, झाड पाहतो, पावसात भिजतो, घरी येतो. संपलं! आमच्या ह्यांनी ती बोरिवली-चर्चगेट गाडीत वाचली आणि त्या संध्याकाळी स्टेशनावरून रिक्षा न करता पायी घरी आले. पुस्तकाचा याहून मोठा गुण मला सांगता येणार नाही.

सगळ्याच मांगा अशा नसतात, हेही सांगायला हवं. मुलांसाठी, मुलींसाठी, प्रौढांसाठी त्यांच्या वेगवेगळ्या जाती असतात आणि प्रौढांच्या काही खरोखरच प्रौढांच्या असतात. वेष्टनावर बहुधा वय छापलेलं असतं. ते पाहूनच पुस्तक घ्यावं.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. आमच्या भागातली मुलं हे सारं इंग्रजीतून वाचतात. गेनच्या दुःखाने रडतात ती इंग्रजीत, योत्सुबाला हसतात तीही इंग्रजीत. पोटापाण्याची भाषा परकी झाली तेव्हा आपण समजूत घातली, की हसण्या-रडण्याची तरी घरची आहे. आता तीही उंबरठ्याबाहेर पाऊल टाकते आहे. हिंदीने गेनला आपल्या घरात घेतलं. तोमोको किकुची या जपानी बाईंनीच ते भाषांतर केलं. ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणली, तेव्हा मराठी घरांनी ती पोर आपलीच मानली. मग या चित्रांनी काय घोडं मारलं?

शिवाय यांना मराठीसारखी भाषा शोधून सापडायची नाही. मांगाच्या पानापानावर आवाज लिहिलेले असतात. जपानी पाऊस जोराचा असला तर ‘झाऽझाऽ’ पडतो आणि हलका असला तर ‘शितोशितो’. छाती ‘दोकीदोकी’ करते. काहीच ऐकू येत नसलं तर त्या शांततेचाही आवाज लिहितात, ‘शीऽन’! इंग्रजी इथे अडखळते. आपल्याकडे धो धो आहे, रिपरिप आहे, झिमझिम आहे, भुरभुर आहे. छातीला धडधड आहे आणि शांततेला सामसूम, शुकशुकाट, चिडीचूप. हे शब्द वर्षानुवर्षं वापरावाचून माळ्यावर पडले आहेत. त्यांना काम द्यायची वेळ आली आहे.

छापील मराठी आवृत्तीची वाट पाहत थांबायचं कारण नाही. आमच्या घरी रात्री जेवणं आटोपली की मुलगी पुस्तक मांडीवर घेते, बोटाने चौकट दाखवते आणि मी मराठीत सांगते. अडले की सासूबाई शब्द पुरवतात. पाण्यात दगड पडल्याचा आवाज मी ‘धपकन’ म्हटला, तर त्यांनी ‘डुबुक’ असा दुरुस्त केला. मुलीने तो पेन्सिलीने चौकटीत लिहूनही टाकला. आमच्या ‘योत्सुबा’च्या पहिल्या भागात आता असे बरेच शब्द जमले आहेत.

तेव्हा या सुटीत एवढं करा. वाचनालयात विचारून पाहा, किंवा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून एक भाग मागून आणा. मूल चित्र दाखवील, शब्द तुम्ही द्या. आणि शब्द सापडेना, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला हाक मारा.