घरोपयोगी विज्ञान : ओट्याखालचा फ्रीज आणि बंगळूरची हवा

फ्रीज पुरेसा गार होत नाही, ही तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. तो नको तितका गार होतो, असे कोणी म्हटले तर मात्र ऐकणाऱ्याला हसू येते. गारव्यासाठीच घेतलेली वस्तू अधिक गार झाली तर बिघडले कोठे? परंतु ज्या उपाहारगृहाच्या चालकाला पहाटे दुधाच्या पिशव्या दगडासारख्या हाती लागतात, ज्याची कोथिंबीर काळी पडून लिबलिबीत होते, त्याला या तक्रारीचे हसू येत नाही. त्याच्या दिवसाचा आरंभच नुकसानीने होतो.

बंगळूर हे अशा उपाहारगृहांचे शहर आहे. १९८३ साली आर. प्रभाकर यांनी जयनगर भागात ‘कॅफे दर्शिनी’ सुरू केले आणि उभ्या उभ्या खाण्याची, झटपट मिळणाऱ्या इडली-डोशाची ही पद्धत शहरभर पसरली. अशा ठिकाणी जागा थोडी आणि गिऱ्हाईक फार. त्यामुळे उंच कपाटाऐवजी कामाच्या ओट्याखाली बसणारा बुटका फ्रीज सोयीचा पडतो. वर कॉफी ओतली जात असते आणि खाली हात घातला की दूध, लोणी, चटणी मिळते. हाच बुटका फ्रीज औषधांच्या दुकानांत आणि लहान दवाखान्यांतही आढळतो.

या फ्रीजला जे काम करावयाचे असते त्याची वाट फार अरुंद आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे थंड ठेवावयाचे अन्न ५ अंश सेल्सियस किंवा त्याखाली ठेवावे लागते. आणि दूध शून्याच्या खाली जेमतेम अर्ध्या अंशावर गोठू लागते. (दुधात पाणी मिसळले की हा गोठणबिंदू शून्याच्या जवळ सरकतो. दुग्धशाळांत भेसळ ओळखण्यासाठी याच गुणाचा उपयोग करतात.) म्हणजे वावरावयास पाच अंशांची जागा. त्यात एखाद्या अंशाची चूक झाली तरी ती जाणवते.

ही चूक कोठून येते हे समजण्यासाठी थर्मोस्टॅटचे अंतरंग पाहिले पाहिजे. त्याच्या बटणावर १ ते ७ असे आकडे असतात. ते अंश नव्हेत, आणि थर्मोस्टॅट खऱ्या अर्थाने तापमान मोजतही नाही; तो दाब मोजतो. एका बारीक तांब्याच्या नळीत थोडा वायू कोंडलेला असतो. नळीचे एक टोक गारवा देणाऱ्या वेटोळ्याजवळ बसवलेले असते आणि दुसरे एका चिमुकल्या भात्याला जोडलेले असते. वेटोळे गार झाले की वायूचा दाब उतरतो, भाता आकसतो, विजेची जोडणी तुटते आणि कॉम्प्रेसर थांबतो. मात्र या भात्याला आतून वायू फुगवीत असतो तशी बाहेरून स्प्रिंग आणि आपल्या सभोवतीची हवा दाबीत असते.

आणि येथेच बंगळूरचा संबंध येतो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब मुंबईतील दाबापेक्षा जवळजवळ एक दशांशाने कमी असतो. तेथे पाणी १०० अंशांवर न उकळता ९७ अंशांच्या आसपास उकळते. बाहेरून दाबणारी हवा हलकी झाली म्हणजे भाता लवकर आकसत नाही. वायू आणखी गार होईपर्यंत तो फुगलेलाच राहतो आणि कॉम्प्रेसर उशिरा थांबतो. समुद्रकाठच्या दाबाला जुळवून दिलेला थर्मोस्टॅट त्यामुळे बंगळुरात, आतील वायूच्या प्रकाराप्रमाणे, एक-दोन अंश अधिक गारव्यावर जाऊन थांबतो. मुंबईहून आणलेला निर्दोष फ्रीज तेथे पोहोचताच ‘बिघडतो’ तो असा. महाबळेश्वरात हा फरक याहूनही अधिक पडेल. हे थोडेसे गणित ठाऊक नसल्यामुळे किती चांगले थर्मोस्टॅट भंगारात गेले असतील, कोण जाणे!

ऋतूचाही यात हात असतो. एप्रिलमध्ये तेथील पारा ३३-३४ अंशांपर्यंत चढतो, म्हणून बटण पुढे सरकवलेले असते. डिसेंबर-जानेवारीत रात्री १५-१६ अंशांवर येतात, पण बटण मात्र एप्रिलच्याच जागी राहते. बाहेरून आत शिरणारी उष्णता कमी झाली की आतली हवा वेटोळ्याच्या तापमानाकडे झुकू लागते. त्यातून दिवसभर शंभरदा उघडणारे दार रात्री आठ तास मिटलेले असते. दूध पहाटेच गोठलेले का सापडते, याचे उत्तर बहुधा हेच आहे.

म्हणून मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी एक रात्र मोजणीसाठी द्यावी. मधल्या फळीवर पाण्याने भरलेला पेला ठेवून त्यात उष्णतामापक बुडवावा आणि सकाळी दार उघडताच आकडा वाचावा. नुसत्या हवेतील आकडा दार उघडल्याबरोबर पळतो, पाण्यातील स्थिर राहतो. तो २ अंशांच्या खाली असेल तर बटण एक घर कमी करावे (बहुतेक बटणांवर मोठा आकडा म्हणजे अधिक गारवा) आणि पुरते चोवीस तास पुन्हा हात लावू नये. तासातासाला बटण फिरवणाऱ्याला काहीच उमगत नाही.

बटण कमी करूनही फरक पडला नाही, तर ते पार ‘बंद’च्या खुणेवर न्यावे. कॉम्प्रेसर तरीही घुमत राहिला, तर थर्मोस्टॅटच्या आतील जोडणी जळून चिकटली आहे, असे समजावे. तो बदलावाच लागतो. कॉम्प्रेसर थांबला, तर प्लग काढून नळीचे टोक आपल्या जागी आहे की नाही ते पाहावे. साफसफाईत ते चिमट्यातून निसटून उबदार कोपऱ्यात लोंबत असेल, तर बिचाऱ्या थर्मोस्टॅटला गारवा कळणार तरी कसा? दाराचे रबर फाटले असले तरी असाच घोटाळा होतो. तापमान टिपणारे टोक दाराजवळ असले की बाहेरची ऊब त्याला लागते आणि मागच्या बाजूच्या वस्तू गोठत राहतात. गार हवेच्या झरोक्याला टेकून ठेवलेली पिशवी तर इतर सर्व ठीक असतानाही गोठते.

आकडे दाखवणारे नवे इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट हवेच्या दाबाला जुमानत नाहीत, पण त्यांची कांडी जुनी झाली की खोटे बोलू लागते. तिची परीक्षा सोपी आहे. कुटलेला बर्फ थोड्या पाण्यात कालवून कांडी त्यात दहा मिनिटे धरावी. आकडा शून्याच्या आसपास आला पाहिजे. बर्फाचे पाणी मुंबईत आणि बंगळुरात सारखेच शून्य दाखवते. उकळत्या पाण्यावर असा भरवसा ठेवता येत नाही. पडद्यावर आकडा योग्य असूनही कॉम्प्रेसर थांबत नसेल, तर दोष कांडीचा नसून विजेची जोडणी करणाऱ्या रिलेचा असतो.

‘गॅस भरावा लागेल’ हे वाक्य मात्र मोजणी झाल्यावाचून मान्य करू नये. गॅस कमी झाल्याने एखाद्याच कोपऱ्यात बर्फ साचून बाकी फ्रीज कोमट राहतो, हे खरे. पण सगळाच फ्रीज सारखा अतिगार असेल तर गॅसकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. अलीकडील पुष्कळ फ्रीजमध्ये प्रोपेन किंवा आयसोब्युटेन, म्हणजे चुलीच्या गॅसचेच सगोत्र, असतात. तेव्हा साचलेला बर्फ सुरीने खरवडण्याचा मोह टाळावा; नळीला भोक पडले तर प्रश्न गारव्याचा राहणार नाही.

गोठलेले दूध निदान डोळ्यांना दिसते. औषधांचे तसे नसते. इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावयाचे असते. एकदा गोठून पुन्हा वितळले की ते पूर्वीसारखे दिसू शकते, पण त्याच्या गुणाची शाश्वती राहत नाही. हेपॅटायटिस-बी आणि त्रिगुणी यांसारख्या लसीही गोठल्याने निकामी होतात, आणि त्या टोचून घेणाऱ्या बालकाच्या आईला याचा पत्ता लागत नाही. म्हणून दवाखान्यातील ओट्याखालच्या फ्रीजमध्ये किमान आणि कमाल असे दोन्ही आकडे राखून ठेवणारा उष्णतामापक हवा, आणि दिवसाचा पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी त्यातील किमान आकडा वहीत उतरला पाहिजे. घरी इन्शुलिन ठेवणाऱ्यांनी डबी मागच्या भिंतीला किंवा बर्फाच्या कप्प्याला टेकवू नये. ती गोठल्याची नुसती शंका आली तरी टाकून द्यावी, मग ती कितीही महाग असो.