भंगारातला मॉनिटर हाही दस्तऐवजच

१/ भिवंडीत यंत्रमाग भंगारात निघतो, तेव्हा शहराच्या इतिहासाचे एक साधन नाहीसे होते. जुन्या सीआरटी मॉनिटरचेही तसेच आहे.

२/ ब्राऊन यांच्या १८९७ मधील नळीचा हा वंशज. १९८७ मध्ये आयबीएमने आणलेले व्हीजीए ॲनालॉग संकेत वाहते. लॅपटॉपचे एचडीएमआय डिजिटल. म्हणून नुसती वायर पुरत नाही, संकेत बदलणारा कन्व्हर्टर लागतो. रिझोल्यूशन १०२४ × ७६८ ठेवले की बहुधा पडदा उजळतो.

३/ तो वीज आणि जागा अधिक खातो, हे मान्य. पण त्या काळची अक्षरे याच पडद्यासाठी आखलेली होती. ती छायाचित्रातून नीट उमगत नाहीत. शिवाय नळीच्या काचेत शिसे असते. ती फोडणाऱ्याच्या आरोग्याची किंमत कोण मोजतो?

४/ माझे मत स्पष्ट आहे: भंगारात देण्याआधी एकदा जोडून पाहा. कागद जपणाऱ्यांनी तो वाचणारे यंत्रही जपावे.