दहा मिनिटांत आणतो

मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे उसनी गेलेली वस्तू परत न येण्याची मला सवय आहे. पुस्तके गेली, छत्र्या गेल्या. आमची शिडी तर शेजारच्या लग्नात मांडवासाठी गेली ती त्यांचीच झाली. पण यांपैकी कशासाठीही मी खिडकीत उभा राहून रस्त्याकडे डोळे लावून बसलो नव्हतो. ती पाळी माझ्यावर आणली माझ्या स्कूटरने.

गोष्ट गेल्या दिवाळीतली, वसुबारसेच्या संध्याकाळची. आमची ताई कोथरूडला राहते. त्या दिवशी ती मुलाला घेऊन फराळाच्या मदतीला आली होती. चकल्या अर्ध्या झाल्या आणि झेंडू आणायचा राहिल्याचे कोणाच्या तरी ध्यानात आले. भाचेबुवा तत्काळ उठले. वय वर्षे सतरा.

"मामा, किल्ली दे. मंडईतून दहा मिनिटांत आणतो."

"लायसन्स?" मी विचारले.

"अरे, जवळच तर आहे!"

हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, एवढे मराठीच्या प्राध्यापकाला कळायला हवे होते. पण स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "दे रे, चांगली चालवतो तो. मित्राच्या गाडीवर शिकलाय." थोरली बहीण सांगते आहे आणि भाचा मागतो आहे, अशा वेळी नाही म्हणणारा मामा आपल्याकडे अजून जन्मायचा आहे. मी किल्ली दिली. हेल्मेट खुंटीवरच राहिले.

दहा मिनिटे झाली. वीस झाली. मी फोन लावला, तो आमच्याच दिवाणावर वाजला. पुढची वीस मिनिटे मी खिडकीत उभा राहून काढली. एक रुग्णवाहिका ओरडत गेली तेव्हा ती कोणत्या दिशेने गेली हे पाहायला मी गच्चीवरही जाऊन आलो. अखेर स्वारी आली, ती घामाघूम होऊन स्कूटर ढकलीत. पायाशी झेंडूची पिशवी. पेट्रोल संपले होते.

घरभर हशा पिकला. "प्राध्यापकांची गाडी व्याख्यानावर चालते, तिला पेट्रोल कशाला?" असे आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. मीही हसलो.

रात्री मात्र भाचा गच्चीवर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "मामा, उतारावर ब्रेक लागेचना. एक आजीबाई पुढ्यात आल्या. वीतभर अंतरावर थांबलो. आईला सांगू नकोस."

तो ब्रेक सैल झाला आहे हे मला महिनाभर ठाऊक होते. आज टाकू, उद्या टाकू म्हणून गाडी दुरुस्तीला टाकायची राहिली होती. माझा हात त्या ब्रेकला सरावला होता. तो हात काही किल्लीबरोबर भाच्याकडे गेला नव्हता.

त्या रात्री मी मोटार वाहन कायदा उघडला. एरवी असली पुस्तके उघडण्याचे धैर्य मला होत नाही. १९८८ च्या या कायद्याप्रमाणे सोळाव्या वर्षी परवाना मिळतो खरा, पण तो ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. आमची ११० सीसीची, तिला अठरा पुरी हवीत. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात १९९-अ हे कलम आले. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. आपल्याला हे माहीत नव्हते, किंवा आपण पुरेपूर खबरदारी घेतली होती, असे सिद्ध करील तोच सुटतो. मी तर स्वतःच्या हाताने किल्ली दिलेली! विम्याचेही तसेच. कंपनीने जखमी माणसाला भरपाई दिली, तरी परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली म्हणून ती रक्कम मालकाकडून वसूल होऊ शकते.

पण झोप उडाली ती दंडाने नव्हे. १९ मे २०२४ च्या पहाटे आमच्याच पुण्यात, कल्याणीनगरला, मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते प्राण गमावून बसले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांनी सांगितले. त्याला आधी जामीन मिळाला, तेव्हाच्या अटींत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. वीस वर्षे निबंध तपासणारा मी त्या वेळी वर्गात यावर बराच संतापलो होतो. आता वाटले, त्या आजीबाई वीतभर पुढे असत्या, तर माझा निबंध कोणी तपासला असता?

संक्रांतीला भाच्याने पुन्हा किल्ली मागितली. मी नाही म्हटले. ताई रागावली. "स्वतःच्या मुलाला असता तर दिली असतीस!" असे म्हणून तिळगूळ न देताच निघून गेली. खरे कारण मला सांगता येईना; पोराला शब्द दिला होता. पुढचे सहा महिने ताईचा फोन आला तो फक्त आमच्या सौभाग्यवतींना.

आषाढात भाच्याला अठरावे पूर्ण झाले. शिकाऊ परवाना निघाला. ब्रेक मी केव्हाच दुरुस्त करून घेतला होता. दर रविवारी सकाळी तो पुढे आणि मी मागे, असे आमचे शिक्षण सुरू झाले. शिक्षण दोघांचेही. एका चौकात तो थांबला आणि म्हणाला, "मामा, इथूनच तू मला उलट्या बाजूने शाळेत सोडायचास ना?" मागे बसून मी काय उत्तर देणार? स्कूटर मी त्याला एकदाच दिली होती. माझ्या खोडी मात्र तो लहानपणापासून नेत आला होता.

श्रावणातल्या एका दुपारी ताई दारात उभी राहिली. हातात डबा. आत तिळाचे लाडू! "संक्रांतीचे राहिले होते," ती म्हणाली. "त्याने सगळे सांगितले मला. पण ब्रेकचे तू तरी सांगायचे होतेस, दे म्हणणारी मीच होते." मग दोघांनी मिळून श्रावणात तिळगूळ खाल्ला.

परवा भाचा पक्का परवाना घेऊन आला. दिवाळीचे सामान आणायचे होतेच. मी किल्ली पुढे केली. त्याने आधी खुंटीवरचे हेल्मेट घेतले. खाली जाऊन ब्रेक दाबून पाहिला, पेट्रोल पाहिले आणि वर बघून ओरडला, "मामा, दहा मिनिटांत आणतो!"

पंचवीस मिनिटे लागली. मी अर्थातच खिडकीत उभा होतो.